साडू धरून की साडू वगळून?

आठव्या वेतन आयोगाचा विषय निघाला की अप्पांचा चहा गार होतो, हे आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या ओटल्यावर सर्वांना ठाऊक आहे. परवाच्या रविवारीही तेच झाले. केंद्र सरकारच्या निवृत्तांना काय मिळेल याची आकडेमोड वर्तमानपत्रात आली होती, आणि बँकेतून निवृत्त झालेले अप्पा ते पान घडी घालून, उलगडून, पुन्हा घडी घालून वाचत होते. नानांनी पोह्यांवर जीरावन भुरभुरवत विचारले, "काय अप्पा, या खेपेला तरी बँकवाल्यांचे नाव आहे का यादीत?" एवढे निमित्त पुरेसे झाले.

नाना हे आमच्यातील सर्वांत समाधानी गृहस्थ आहेत, असे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. आपण आयुष्यात कधी कोणाशी बरोबरी केली नाही, हे वाक्य त्यांनी उच्चारले की पुढचे वाक्य बंगळुरूतील मुलाच्या पॅकेजविषयी असते, त्यापुढचे जावयाच्या पॅकेजविषयी, आणि तिसरे समोरच्या इमारतीतील एका मुलाच्या पॅकेजविषयी, जे नानांच्या मते निम्मे तरी फुगवून सांगितलेले आहे.

अप्पांचे दुखणे वेगळे आहे. केंद्राच्या निवृत्तांचे मूळ निवृत्तिवेतन दर वेतन आयोगाबरोबर नव्याने ठरते. बँकवाल्यांचे मात्र निवृत्तीच्या दिवशी जे ठरले ते ठरले, त्यावर फक्त महागाई भत्ता चढत राहतो. रिझर्व्ह बँकेच्या निवृत्तांना २०१९ मध्ये सुधारित निवृत्तिवेतन मिळाले, पण बाकीच्या बँकवाल्यांची मागणी तशीच राहिली. "माझ्या हाताखाली नोटांची गड्डी मोजायला शिकलेला मुलगा माझ्यानंतर बारा वर्षांनी माझ्याच हुद्द्यावरून निवृत्त झाला," अप्पा म्हणाले, "आणि आज त्याच्या खात्यात माझ्यापेक्षा कितीतरी अधिक रक्कम जमा होते. काम तेच, खुर्ची तीच. मला त्याच्या रकमेचे दुःख नाही, मला माझ्या रकमेचे कोडे सुटत नाही."

"पण घर चालते ना?" नाना म्हणाले. "मुलगा कमावता, सून कमावती. मग दुसऱ्याच्या ताटात डोकवायचेच कशाला? माणसाने आपल्यापुरते पाहावे. त्या वेळी स्कीम ७८ मधला प्लॉट घे म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो, ऐकले असतेस तर आज ही आकडेमोड करत बसला नसतास."

हे वाक्य नानांनी म्हणायला नको होते, कारण तिथल्या स्वतःच्या प्लॉटच्या बयाण्याची रक्कम नानांनी अप्पांकडूनच उसनी घेतली होती, ती परत करताना व्याजाचा विषय निघाला नव्हता, आणि तेव्हापासून तो दोघांच्या मनात कोठेतरी जागा अडवून बसलेला आहे. अप्पांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. भाऊंनी दोघांमध्ये जिलबीचा कागद सरकवला. प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत जाण्याच्या आत कुंदाताई बोलल्या.

कुंदाताईंनी शासकीय महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविले. त्या बोलू लागल्या की ओटल्यावर कोणी मध्ये तोंड घालत नाही. नाना घालतात, आणि दर वेळी पस्तावतात. "भांडण नंतर करा," त्या म्हणाल्या, "आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या. दोन जगे आहेत. पहिल्यात तुम्हाला महिना पन्नास हजार मिळतात आणि बाकी सर्वांना पंचवीस. दुसऱ्यात तुम्हाला एक लाख मिळतात आणि बाकी सर्वांना दोन लाख. वस्तूंचे भाव दोन्हीकडे सारखेच. कोठे राहाल?"

भाऊंनी विचार न करता दुसरे जग निवडले, कारण त्यांच्या घराचे छत यंदाही गळते आहे आणि लाखभर रुपयांत ते दुरुस्त होते. अप्पांनी पहिले निवडले. चिन्मय, जो आमच्यात सर्वांत लहान आहे आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, बराच वेळ चमच्याने पोहे चाळवत राहिला आणि मग पहिलेच म्हणाला. मी दुसरे म्हणालो. नानांनी विचारले, "या बाकी सर्वांत माझा साडू धरला आहे का?"

हसणे ओसरायला वेळ लागला. कुंदाताईही हसल्या, पण त्यांनी धागा सोडला नाही. असाच प्रश्न अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना विचारला गेला होता, त्याचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सुमारे निम्म्या लोकांनी पन्नासचे जग पसंत केले होते. म्हणजे हातात निम्मे पैसे आले तरी चालतील, पण शेजाऱ्याहून जास्त असावेत. मग त्यांनी त्याच अभ्यासातील दुसरा प्रश्न आम्हाला घातला. वर्षाला दोन आठवडे सुट्टी आणि इतरांना एकच, की चार आठवडे सुट्टी आणि इतरांना आठ? या वेळी सर्वांनी, नानांनीसुद्धा, चार आठवडे घेतले. "हार्वर्डमध्येही बहुतेकांनी तेच घेतले," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या सुट्टीने आपली सुट्टी लहान होत नाही. पैसा मात्र दुसऱ्याच्या पैशाने लहान होतो, कारण तो आपण खर्चायलाही वापरतो आणि आपली पायरी मोजायलाही वापरतो."

"आणि साडूचे म्हणाल तर," त्या नानांकडे वळल्या, "त्यावरही संशोधन झालेले आहे." नानांना ते खोटे वाटले, पण ते खरे आहे. न्यूमार्क आणि पोस्टलवेट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्येच दाखविले की अमेरिकेत ज्या विवाहित स्त्रीच्या बहिणीचा नवरा तिच्या नवऱ्यापेक्षा अधिक कमावतो, ती स्वतः नोकरी करण्याची शक्यता वाढते. नाना गप्प झाले. त्यांच्या घरी वहिनींनी ब्लाउज शिवण्याचे काम कोणत्या वर्षी सुरू केले आणि साडूने पहिली मारुती कोणत्या वर्षी घेतली, हे ओटल्यावरील जुन्या मंडळींना माहीत आहे, आणि त्या क्षणी प्रत्येकाने ती दोन वर्षे मनातल्या मनात जुळवून पाहिली.

येथे माझा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटले, कारण मी आयकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो आणि या परिसरातील अर्ध्या घरांचे उत्पन्न माझ्या कपाटात आहे. जुलै महिना आला की माझ्यासमोर बसलेला माणूस आपले आकडे पाहून झाल्यावर एक प्रश्न हमखास विचारतो, आणि तो कराविषयी नसतो. एका गृहस्थाने, ज्यांना नव्या कररचनेत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही याचा आनंद तोंडभर झाला होता, सही करता करता हळूच विचारले, "धाकट्याचे तुझ्याकडेच असते ना? आकडा नको सांगूस. माझ्यापेक्षा जास्त की कमी, एवढेच सांग." मी सांगितले नाही. त्यांचा कर शून्य झाला होता, पण जाताना चेहऱ्यावर मघाचा आनंद नव्हता, आणि तो मी घालविला नव्हता. न मिळालेल्या उत्तराने घालविला होता. असे प्रसंग मी पाहतो तेव्हा मला त्या माणसाचा राग येत नाही, वाईट वाटते, कारण आपल्या मेहनतीची किंमत आपल्यापाशी ठेवण्याऐवजी ती दुसऱ्याच्या कागदात शोधावी लागते.

"मग सगळ्यांचे कागद उघडे केले तर?" चिन्मयने विचारले.

नॉर्वेत तसे झालेले आहे, असे ताईंनी सांगितले. तिथे लोकांच्या कराच्या नोंदी पूर्वीपासूनच सार्वजनिक असत, पण त्या पाहायला कचेरीत जावे लागे. २००१ पासून त्या घरबसल्या संगणकावर दिसू लागल्या आणि लोक शेजारी, मेहुणे, जुने वर्गमित्र यांची नावे घालून त्यांचे उत्पन्न पाहू लागले. रिकार्दो पेरेझ-त्रुग्लिया यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की या बदलानंतर श्रीमंत आणि गरीब यांच्या आनंदातील अंतर २९ टक्क्यांनी वाढले. पैसे कोणाचेही वाढले किंवा कमी झाले नव्हते. फक्त आपण कोठे उभे आहोत हे प्रत्येकाला स्पष्ट दिसू लागले. २०१४ मध्ये मात्र तिथे नियम बदलला, आणि आपले उत्पन्न कोणी पाहिले हे ज्याचे पाहिले त्याला कळू लागले. त्यानंतर पाहणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली.

"म्हणजे मी म्हणतो तेच," नानांना पुन्हा जोर आला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पगार विचारू नये आणि सांगू नये. आणि खरे सांगू का, ही तुलना वगैरे सगळी पोट भरलेल्यांची दुखणी आहेत. ज्याला संध्याकाळची भ्रांत असते, त्याला शेजाऱ्याचा पगार पाहायला वेळ नसतो."

यावर भाऊ बोलले. भाऊ फारसे बोलत नाहीत, म्हणून त्यांचे बोलणे मी येथे जास्त जागा देऊन लिहितो आहे. त्यांचे वडील हुकुमचंद मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्या चाळीत प्रत्येकाचा पगार प्रत्येकाला माहीत असे. कोणाच्या घरी रेडिओ आला तर तो रोखीने आला की हप्त्याने, हेही माहीत असे. चुरस होती, पण ती मिलमिलची होती. अनंत चतुर्दशीला कोणाची झांकी, म्हणजे चित्ररथ, पहिली येते यावरून माणसे आठवडाभर एकमेकांशी बोलत नसत. मग १२ डिसेंबर १९९१ रोजी मिल बंद पडली आणि एकाच पगाराची घरे वेगवेगळ्या दिशांना गेली. कोणी रिक्षा घेतली, कोणी हातगाडी लावली, कोणाचा मेहुणा आखातात होता म्हणून तो सुटला. भाऊंच्या वडिलांनी एका दुकानात हिशेबाची वही लिहायला सुरुवात केली. "मिल बंद पडल्याचे दुःख त्यांनी पचवले," भाऊ म्हणाले. "घरात खरोखर ओढाताण होती, तीही त्यांनी पचवली. पण त्यांच्याच साच्याशेजारी उभे राहणाऱ्या माणसाच्या घरावर वरचा मजला चढू लागला, तेव्हा ते गच्चीवर जाईनासे झाले. नाना, आमची पोटे भरलेली नव्हती."

नाना काही बोलले नाहीत. ते मनाने वाईट नाहीत, हेही मी लिहून ठेवतो.

त्या कामगारांची थकलेली रक्कम अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुटली, जवळजवळ ४,८०० कामगारांसाठी सुमारे २२४ कोटी रुपये. बत्तीस वर्षांत पुष्कळ कामगार निघून गेले होते, भाऊंचे वडीलही. चाळीतील जुन्या घरांना वेगवेगळ्या रकमा आल्या. "कोणाला किती आले ते आम्ही एकमेकांना विचारले, अगदी उघड विचारले," भाऊंनी सांगितले, "पण त्यावरून आमच्यात कोणाचे मन कडू झाले नाही. कोणाची नोकरी किती वर्षांची आणि कोणत्या जागेवरची, हे म्हाताऱ्यांना पाठ होते. शेजारणीला आमच्यापेक्षा जास्त आले तर आई म्हणाली, बरोबर आहे, ते आपल्या आधी पाच वर्षे लागले होते."

कुंदाताई एवढा वेळ शांतपणे ऐकत होत्या. "भाऊ, तुमच्या आईने जे एका वाक्यात सांगितले, त्यासाठी ओडिशात मोठा प्रयोग करावा लागला," त्या म्हणाल्या. तो प्रयोग एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी या तिघींचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. शेतीचा हंगाम नसताना कामाच्या शोधात असलेल्या मजुरांना लहान कारखान्यांत महिनाभराचे काम देण्यात आले, दोर वळणे, झाडू बांधणे अशा प्रकारचे, आणि त्यांच्या तिघातिघांच्या तुकड्या केल्या. काही तुकड्यांत तिघांना सारखी मजुरी होती, काहींत कमी-जास्त. ज्याला सोबत्यांपेक्षा कमी मिळत होते, त्याचे काम घटले. एवढेच नव्हे, तो कामावर येणेही टाळू लागला, आणि खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडत होती. तेवढीच मजुरी मिळवणारा, पण सोबत्यांनाही तेवढीच मिळते असे पाहणारा मजूर मात्र नियमित येत होता. "नाना, ही माणसे पोट भरलेली नव्हती," ताई म्हणाल्या. "रोजची मजुरी ज्यांना सोडणे परवडत नाही, त्यांनी ती सोडली. आणि ज्याला जास्त मिळत होते, त्याने काही जास्त काम केले नाही. शेवटी तुकडीला मिळून एक मनोरा रचायला दिला, तर असमान मजुरीच्या तुकड्यांना तोही धड रचता आला नाही."

आणि यापुढचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जेथे कोण किती काम करतो हे सोबत्यांना डोळ्यांनी सहज दिसत होते, तेथे मजुरीतील फरकाचा हा परिणाम झालाच नाही. फरक असला तरी त्याचे कारण समोर होते. भाऊंच्या आईला पाच वर्षांचा हिशेब माहीत होता, म्हणून शेजारणीची रक्कम तिला खुपली नाही. अप्पांना बारा वर्षांच्या फरकाचे कारण कोणी सांगू शकत नाही, म्हणून ते दर वेतन आयोगाला तेच पान पुन्हा उलगडतात. या दोन्ही गोष्टींना आपण तुलना हेच नाव देतो आणि मग अप्पांसारख्या माणसाला समाधानाचे प्रवचन ऐकवतो, याचा मला मनापासून राग येतो. साडूच्या मारुतीकडे पाहून स्वतःचे सुख कमी करून घेणे वेगळे, आणि एकाच खुर्चीचे दोन भाव का, असे विचारणे वेगळे. पहिले आपण आवरू शकतो. दुसरे आवरण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी उत्तर द्यावे.

चिन्मय इतका वेळ गप्प का होता, ते आता कळले. त्याच्या कार्यालयात तीन महिन्यांपूर्वी एक मुलगा नव्याने लागला. चिन्मयनेच त्याला काम शिकविले. एके दिवशी चहाच्या टपरीवर त्या मुलाने सहज आपला पगार सांगितला, आणि तो चिन्मयच्या पगाराहून बराच अधिक निघाला. "त्या दिवसापर्यंत मला माझी नोकरी आवडत होती," तो म्हणाला. "पगार तोच आहे, काम तेच आहे. आता सकाळी लॅपटॉप उघडायला हात पुढे होत नाही. आणि आम्हाला पगाराविषयी आपसात बोलायला मनाई आहे, त्यामुळे साहेबांना विचारूही शकत नाही, कारण मला कळले कसे हेच आधी विचारतील."

"बघा, म्हणून म्हणतो, विचारले नसते तर सुखात असता," नाना म्हणाले.

"नाना," ताईंचा आवाज चढला नाही, पण धार आली, "पगार झाकून ठेवायला सांगणारा मालक नोकराच्या सुखाची काळजी वाहत नसतो. हा मुलगा सुखात नव्हता, स्वस्तात होता."

मग त्यांनी त्याला कॅलिफोर्निया विद्यापीठाची गोष्ट सांगितली. तेथील कर्मचाऱ्यांचे पगार एका वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर आले होते. संशोधकांनी काही कर्मचाऱ्यांना ते कळविले आणि काहींना नाही, आणि मग दोघांचीही विचारपूस केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचा पगार बरोबरीच्यांत खालच्या अर्ध्यात होता ते अधिक असमाधानी झालेले आणि दुसरी नोकरी शोधू लागलेले आढळले. वरच्या अर्ध्यातील लोकांना आपण वर आहोत हे कळूनही विशेष आनंद झाला नव्हता. खालच्याचे दुःख वाढते आणि वरच्याचे सुख वाढत नाही, असा हा तोट्याचा व्यवहार आहे, हे ताईंनाही मान्य होते. "म्हणून शेजाऱ्याच्या, मेहुण्याच्या, वर्गमित्राच्या पगाराची चौकशी करू नकोस," त्या चिन्मयला म्हणाल्या. "पण याची कर. त्या मुलाचे नाव घेऊ नकोस. माझ्या कामाला आज बाजारात काय भाव आहे आणि मला तो का नाही, एवढेच लेखी विचार. कारण सांगितले आणि ते पटले तर तुला झोप लागेल. नाही पटले तर इंदुरात सुपर कॉरिडॉरवर आणखी कंपन्या आहेत."

अप्पांनी खिशातून पेन काढून चिन्मयला दिले. जिलबीच्या कागदावर मजकूर लिहायला सुरुवात झाली, त्यात अप्पांनी बँकेच्या पत्रव्यवहारातील 'उपरोक्त विषयास अनुसरून' घुसविले, ताईंनी ते खोडले, आणि पाकाच्या डागावर शाई फुटली म्हणून भाऊंनी दुसरा कागद आणून दिला. एवढ्या गडबडीत नाना माझ्याजवळ सरकले आणि माझ्या कानाशी लागले, पण नानांचे कुजबुजणे समोरच्या पोहेवाल्यालाही ऐकू जाते.

"आमच्या साडूचे विवरणपत्र तुझ्याकडेच असते ना रे?"

मी काही बोलण्याआधीच ताईंनी मान न उचलता सांगितले, "नाना, नॉर्वेला जा. तिथे सर्व पाहता येते. फक्त तुम्ही पाहिलेत हे साडूला लगेच कळेल."

नानांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे त्याने माझे पाहिले असेल, तर तेही मला कळेल?" त्यांनी विचारले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची आशा पाहून अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि बयाण्यानंतर प्रथमच नानांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवत त्यांना पाणी दिले.